न झिजलेल्या पट्ट्या

शहराच्या कचऱ्याच्या डोंगरातून झिरपणारे काळे पाणी वस्तीच्या विहिरीत उतरले आणि यल्लूबाईच्या नातीच्या अंगावर चट्टे उठले. यल्लूबाई जात्यापाट्यांना टाकी लावणारी, म्हणजे वापरून गुळगुळीत झालेला दगड छिन्नीने ठोकून पुन्हा खरबरीत करणारी. त्या नातीला, रेणूला, कडेवर घेऊन ती डोंगराच्या पाण्यासाठी तीन वर्षांपूर्वी उभारलेल्या शुद्धीकरण केंद्राचे अधिकारी सबनीस यांच्यापुढे उभी राहिली.

"आमचे पाणी निर्मळच बाहेर पडते," सबनीस म्हणाले. "तुला त्यातले शास्त्र काय कळणार, म्हातारे? तरी सांगतो. हौदात टांगलेल्या या लोखंडी पट्ट्यांतून वीज सोडली की लोखंड झिजून पाण्यात उतरते, घाणीला धरते आणि तिला घेऊन तळाशी बसते."

"म्हंजी पट्टी झिजल्याबिगर पाणी निवळत न्हाई?"

"अगदी बरोबर."

"मंग तीन वर्सांत किती डाव बदलल्या?"

"एकदाही नाही," सबनीस ऐटीत म्हणाले. "आल्या तशाच आहेत. याला देखभाल म्हणतात."

यल्लूबाईने पट्टीच्या कोऱ्या धारेवरून बोट फिरवले. "सायेब, दळत्या जात्याला साल-दोन सालानं टाकी लावावीच लागती. ज्याला कधीच लागली न्हाई, त्यावर दळण पडलेलंच नसतं."

एवढ्यात रेणू मान खाजवू लागली, तेव्हा यल्लूबाईने तिचा हात अलगद आपल्या खरबरीत मुठीत घेतला. त्या चिमुकल्या मानेवरचे चट्टे सबनीसांनी वाकून पाहिले. मग ते स्वतः उठले आणि त्यांनी तीन वर्षे बंदच असलेला पट्ट्यांच्या विजेचा खटका दाबला.

"विहीर निवळेपर्यंत वस्तीला टँकर येईल," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आणि पट्ट्या किती झिजल्या, ते दर महिन्याला तुम्हीच येऊन पाहत जा, आजी."