उन्हात उचललेली पेटी

“पेटी उचललीस कधी?” दौलततात्यांनी पुन्हा विचारलं.

महिपतीने प्रश्न ऐकलाच नाही असं दाखवलं. त्याला सांगायचं बरंच होतं. मुलींच्या वसतिगृहाच्या भिंतीतलं मधमाश्यांचं पोळं आज त्याने एकट्याने काढलं होतं. एरवी पोळं तात्या काढत आणि हा धूर करत बसे. आजचं काम जमलं, तर तात्या त्याला स्वतःची कामं घ्यायला मोकळीक देणार होते. त्यामुळे स्वारी भलतीच खुशीत होती.

“राणीमाशी लगेच सापडली, तात्या. पोळं अलगद कापून पेटीतल्या चौकटींना बांधलं. भिंतीचं भोक सिमेंटनं बुजवलं. एक माशी डसली नाही! वसतिगृहाच्या बाईंनी सगळ्या पोरींसमोर हार घातला...”

“कधी?”

“काय कधी?”

“हार.”

“दुपारी...” महिपतीचा आवाज उतरला. “त्यांचा कार्यक्रम होता. बाई म्हणाल्या, पेटी स्टेजवर आणा, पोरींना दाखवू. मग परत भिंतीपाशी कशाला न्यायची, म्हणून सरळ इकडं आणली.”



पोळं पेटीत गेलं तरी पेटी दिवेलागणीपर्यंत जागची हलवायची नाही. फुलांवर गेलेल्या माश्या परतल्या, आत शिरल्या, की दार लावायचं आणि मगच उचलायची. तात्यांनी त्याला धूर करायच्याही आधी हे शिकवलं होतं. महिपतीला ते तोंडपाठ होतं. पण गळ्यात हार पडायची वेळ आली की भल्याभल्यांचं पाठांतर बिघडतं.

“थोड्या राहिल्या असतील बाहेर,” तो म्हणाला. “पेटी तर गच्च भरलीय.”

तात्यांनी पायांत वहाणा सरकवल्या. “पेटी घे. चल.”

ते पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. बुजवलेल्या भोकाभोवती मूठभर माश्या भिंतीला चिकटून बसल्या होत्या. खाली स्वयंपाकघरातल्या शेवंताबाई केरसुणी घेऊन उभ्या होत्या.

“आलासा व्हय? बरं झालं बाई,” त्या म्हणाल्या. “दुपारधरनं भितीवर धडका मारत्यात. पोरी भ्याल्या, मग काय करू? पाणी मारलं नि झाडून काढल्या.”

महिपतीने घाईघाईने पेटी भोकाखाली टेकवली, तिचं दार उघडलं. आतला वास आला तशा भिंतीवरच्या माश्या हलल्या. एकेक करत आत चालत गेल्या.

“वाचल्या, तात्या!”

तात्या शेवंताबाईंच्या सुपलीकडे बघत होते.

सुपलीत ओल्या माश्यांचा ढीग होता. तात्या उकिडवे बसले. त्यांनी त्यातली एक उचलली आणि महिपतीच्या तळहातावर ठेवली.

तिच्या मागच्या पायांना फुलांवरून आणलेले पिवळे गोळे तसेच होते.

महिपतीने सुपलीत पाहिलं. जवळजवळ सगळ्यांच्याच पायांना ते होते... ओझं आणून त्या दुपारभर दार शोधत राहिल्या होत्या. त्या वेळी तो स्टेजवर फोटोसाठी उभा होता.

त्याला अशी लाज वाटली की शेवंताबाईंसमोर मान वर करवेना. त्या बिचाऱ्या “माझंच चुकलं का ओ?” म्हणून विचारत होत्या.

“चुकलो, तात्या...”

तो वाकला. त्याचा हात पायांना लागणार, तोच तात्यांनी पाय मागे घेतले.

“माझ्या कशाला पाया पडतोस?” ते सुपलीकडे बोट करत म्हणाले. “मी तर घरीच होतो.”