शाईचा पाय

"येशूला पँट घातली म्हणून रागावलात का, मास्तर?"

शांतवन मास्तरांनी मान हलवली. नाही.

नगरच्या त्या जुन्या छापखान्यात मास्तर चाळीस वर्षं लाकडाच्या फळीवर चित्रं कोरून कागदावर छापत आले होते. कोपऱ्यात त्यांच्या पसंतीचा ठसा उमटल्याशिवाय चित्र बाहेर जात नसे. येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्या पवित्र गुरुवारच्या प्रदर्शनाला महिना उरला होता. आपलं चित्र लागणार, असं त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या आशेरने गावभर सांगून ठेवलं होतं.

चित्रात एसटी स्टँड होता. बाकावर ऊसतोडणीचा मजूर, आणि खाली त्याचे पाय धुणारा येशू, कंडक्टरच्या खाकी पँटमध्ये. येशूच्या चेहऱ्यावर आशेरने दोन महिने घालवले होते.

"असा चेहरा तुमच्या हातूनही उतरला नसता," तो बोलून गेला.

"नसता. करतोय काय हा?"

"पाय धुतोय."

"बघतोय कुठे?"

"आपल्याकडे."

"हं..."

मास्तरांनी चप्पल काढली. काळ्या शाईचा रूळ स्वतःच्या तळव्यावर फिरवला आणि कोऱ्या कागदावर पाय दिला. टाचेच्या भेगा, अंगठ्याजवळचा घट्टा, सगळं उमटलं.

मग स्टुलावर बसून त्यांनी तो पाय पुढे केला.

"धू."

आशेर हसला. मास्तर हसले नाहीत.

त्याने रॉकेल आणलं, साबण आणला, घमेल्यात पाणी घेतलं. आधी दोन बोटांनी, वरवर. शाई हलेना. तेव्हा तो गुडघ्यांवर बसला, टाच डाव्या तळहातावर घेतली आणि बोटांच्या बेचक्यांत चिंधी फिरवू लागला.

"गुदगुल्या होतात रे."

"हलू नका!"

थोड्या वेळाने त्याचा हात थांबला.

"मास्तर... इथून तुम्ही दिसतच नाही."

"मग काय दिसतं?"

"टाच."



शाई निघाली. आशेरने हात पुसले. कोरून काढलेलं लाकूड परत भरता येत नाही. दोन महिन्यांची फळी त्याने स्वतःच भिंतीकडे तोंड करून ठेवली. नवी घेतली, पेन्सिलीने वाकलेली पाठ काढली, मानेचा मणका काढला. काढता काढता तो शीळ घालू लागला.

"चेहराच नाही यात. तरी ठसा द्याल?"

मास्तरांनी दुसरा पाय पुढे केला.

"तो तर स्वच्छ आहे, मास्तर."

"मघाशी तू चित्रासाठी बघत होतास. आता नुसता धू."