करालकाशी झालेला सौदा

एका राज्यात खेळ रचणाऱ्याला वैद्याइतका मान होता. कुणाच्या घरी भांडण लागले, कुणाला दुःख आवरेना, कुणी रुसून अन्न सोडले, की लोक पटकाराला बोलावीत. पटकार येई, आपला रंगीत पट अंगणात पसरी, आणि ज्याला खेळायचे तो त्यावर पाय ठेवून सरळ आत उतरे. आत नद्या असत, अरण्ये असत, आणि शेवटच्या दाराशी एक राक्षस असे. राक्षसाला हरवून माणूस बाहेर आला की त्याला कडकडून भूक लागे. आणि भूक लागली की अर्धे दुखणे गेलेच म्हणायचे.

ही विद्या शिकवणारी शाळा राजवाड्याला लागून होती. तिथले आचार्य गूढपाद मोठे जादूगार. बोलता बोलता त्यांच्या दाढीतून एखादे फुलपाखरू निघे, त्याचे कुणाला काही वाटत नसे. शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःचा एक पट रचून दाखवावा, असा शिरस्ता. त्यात दोन गोष्टी पारखल्या जात. खेळणाऱ्याला आपले पात्र आपल्या मनासारखे घडवता यावे, ही एक. शेवटच्या दाराचा राक्षस खराखुरा वाटावा, ही दुसरी. आणि परीक्षेला बसत खुद्द राजे पृथुसेन, कारण राजांना खेळाची हौस मोठी. राज्यकारभार ते मन लावून करीत, पण पट पसरलेला दिसला की त्यांच्या जोड्यात पाय ठरत नसे.

त्या शाळेत तरंगिणी नावाची मुलगी होती. बाप वसुमान शेट, बाजारात मसाल्याचा व्यापार. दुकानात वाढलेली मुलगी. पायरी चढणारे गिऱ्हाईक घेणारे की नुसते हुंगून जाणारे, हे तिला लांबून कळे. तिच्या खांद्यावर एक साळुंकी बसे. ती माणसासारखी बोले, आणि बऱ्याच माणसांपेक्षा जास्त बोले.

तरंगिणीने परीक्षेसाठी जो राक्षस घडवला त्याचे नाव करालक. ताडाएवढी उंची, हातात लोखंडी गदा, अंगभर खवले. पट तयार झाल्यावर तिने सोबत्यांना खेळायला बोलावले. पहिला जिंकून आला आणि म्हणाला, राक्षस गदा उचलण्याआधी डोळे बारीक करतो, ते पाहून मी बाजूला झालो. तरंगिणीला ते लागले. तिने कुंचला घेतला आणि डोळे बारीक करणे पुसून टाकले. दुसऱ्याने सांगितले, तो दमून धापा टाकू लागला तेव्हा साधले. तिने त्याला न संपणारा श्वास दिला. तिसरीला गळ्याखाली खवले नसलेली जागा सापडली. तिथेही खवले आले.

मग कुणीच जिंकेना; पट कच्चा असेतोवर हरलेल्याला हात धरून बाहेर काढता येई, तसे तिला एकेकाला काढावे लागे. तरंगिणी स्वतः मात्र रोज खेळे आणि रोज जिंके. त्याचा कोणता घाव कधी येणार आणि त्या झोकात तो कधी तोल जाऊन पडणार, हे तिला पाठ होते. तेव्हा राक्षस हरतो, हे आपण पडताळून पाहिले आहे, अशी तिची खात्री.

साळुंकी म्हणाली, "तू खेळत नाहीस, ताई. तू पाढे म्हणतेस."

तरंगिणीने तिला दाणे घातले आणि गप्प केले.

परीक्षेचा दिवस आला. पटाच्या काठाशी चार वाट्या मांडल्या होत्या: बळ, चपळाई, नजर आणि रूप. खेळणाऱ्याने मूठभर तांदूळ घ्यायचे आणि चार वाट्यांत आपल्या मर्जीने वाटायचे. जशी वाटणी, तसे पात्र. राजांनी अर्धी मूठ रूपाच्या वाटीत ओतली, कारण त्यांना कानामागे वळणारी मिशी हवी होती. उरलेले बळात गेले. चपळाईला चिमूट मिळाली आणि नजरेची वाटी कोरडी राहिली. मिशीला पीळ देत राजे आत उतरले, अरण्य ओलांडले, नदी पोहून गेले आणि शेवटच्या दाराशी पोचले. तिथे गदा बसली. कुठून आली ते त्यांना कळले नाही.

परीक्षेला मांडलेल्या पक्क्या पटाचा नियम असा की राक्षस हरल्याशिवाय खेळणारा बाहेर येत नाही. पडला की पुन्हा दाराशी उभा राहतो. खेळ चालू असता रचणाऱ्याने कुंचला लावायचा नाही, नाहीतर रंगाबरोबर आतला माणूसही ओघळतो. आणि पटाचे रंग पुरते सुकले, तर खेळणारा कायमचा चित्र होऊन राहतो. असे सहसा होत नसे. फार पूर्वी एका सेनापतीचे झाले होते. तो अजून शाळेच्या भिंतीवर आहे. सणासुदीला त्याला हार घालतात, आणि चेहऱ्यावरून तो तिथे फारसा नाखूश दिसत नाही.

राजे पहिल्यांदा पडले तेव्हा हसले. मग चिडले. मग पडण्याआधी काही दिसते का, म्हणून डोळे ताणून पाहू लागले. दिसण्यासारखे तिथे काही नव्हतेच. उन्हे चढली, काठाचे रंग सुकू लागले. आधी राजांच्या पागोट्याचा तुरा चित्र झाला, मग ती मिशी, मग डावा कान. शेवटी राजे दाराशी बसले ते उठेचनात.

प्रधान म्हणाले, मुलीला कैदेत टाकावे. राणी विभावरी म्हणाली, मग त्यांना आणायला प्रधानजी जाणार का? प्रधानांनी हळूच पाऊल मागे घेतले. राणी तरंगिणीकडे वळली.

"मुली, राज्याला राजा हवा आहे. मला माझा नवरा हवा आहे. कसे करायचे ते तू पाहा."

तरंगिणीने कुंचला खाली ठेवला. ती आचार्यांकडे गेली. आचार्यांनी दाढीतले फुलपाखरू हलकेच बाजूला केले आणि मार्ग सांगितला. रचणाऱ्याला पटाच्या मागल्या बाजूने राक्षसाच्या घरात जाता येते. पण तिथे हुकूम चालत नाही. पात्र एकदा चालू-बोलू लागले की ते आपल्या मर्जीचे. राजांना वाटेत भेटलीस तरी एक अक्षर सांगायचे नाही, सांगून मिळालेला विजय पट मानत नाही. तू पुसलेल्या तीन गोष्टी राक्षसाकडून परत मागायच्या: घावाआधीचा इशारा, घावानंतरची उसंत, आणि वार लागेल अशी जागा. त्याने राजीखुशीने दिल्या तरच उपयोग.

तरंगिणी साळुंकीला घेऊन पटाच्या मागून आत शिरली. करालक गदा मांडीवर आडवी ठेवून, हनुवटीला हात लावून बसला होता. त्याने तिला ओळखले, पण आदर दाखवला नाही.

"तो मिशीवाला येईनासा झाला," तो म्हणाला. "आधी धावत यायचा. आता दाराशी बसतो. का?"

तरंगिणी काही मागणार होती, ती थांबली. लुटारूच्या डोळ्यांत जे असते ते याच्या डोळ्यांत नव्हते. गिऱ्हाइकाची वाट पाहणाऱ्या दुकानदाराचे डोळे ती ओळखत होती. ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि बाजारातल्या एका कासाराची हकिगत सांगू लागली.

त्या कासाराच्या बांगड्या सगळ्या बाजारात देखण्या, पण भाव कधी तसूभर उतरायचा नाही. बायका आल्या, घासाघीस करून पाहिली. समोरचा माणूस जरा कुरकुरला, जरा मान हलवली, तर बोलणे पुढे सरकते. हा नुसता खांबासारखा बसे. त्यांनी बांगड्या भरायला पुढे केलेले हात मागे घेतले आणि त्या शेजारच्या दुकानात गेल्या. त्याच्या बांगड्या अजून तशाच लटकताहेत. त्याला कुणी फसवले नाही, कुणी लुटले नाही.

"मग त्याचे बिघडले काय?" करालकाने विचारले.

"दिवसभर तो रस्त्याकडे पाहतो."

करालकाने दाराकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग गदा खाली ठेवून म्हणाला, "माग."

आता सौदा सुरू झाला. इशारा म्हणून करालक एक भुवई उचलायला तयार झाला. ताडाएवढ्या उंचीवरची भुवई खालच्याला काय दिसणार, असे तरंगिणीचे म्हणणे पडले. तो नखापर्यंत आला, ती पायापर्यंत गेली. शेवटी घावाआधी उजवा पाय जमिनीवर घासायचा आणि थोडी धूळ उडवायची, असे ठरले. धुळीबद्दल त्याने जरा कुरकुर केली. साळुंकीने सांगितले की एवढ्या पायांना धूळ नाही उडाली तर लोक म्हणतील भुसा भरला आहे. करालकाने ताबडतोब पाय घासून दाखवला.

उसंतीचे अडले. त्याचा श्वास संपतच नव्हता, तो दमणार कसा? तो म्हणाला, मी दमल्याचे सोंग करतो. तरंगिणी म्हणाली, नको, खोटे माप कळतेच. तिने त्याला विचारले, राजांना पाडल्यावर तुला कसे वाटते? करालक लाजला. म्हणाला, सुरुवातीला फार हसू यायचे, पण हसायची सोय तू ठेवलीच नाहीस, पुढचा घाव लगेच येतो. मग तीन घाव झाले की पोटभर हस, असे तिने सांगितले. या अटीवर तो इतका खूश झाला की दोन्ही हात वर करून तिथेच हसून पाहिले, आणि डोंगरावरची पाखरे उडाली.

राहिली वार लागेल अशी जागा. इथे करालक गंभीर झाला.

"ती खोटी देता येणार नाही," तो म्हणाला. "लागेल."

"लागेल."

"मग आधी तू घे. तू मला घाव शिकवलेस. मी स्वतःचा एक शिकलो आहे, तो तुला ठाऊक नाही. तो खा, मग माग."

तरंगिणी उठून उभी राहिली. तिने त्याच्या हाताकडे पाहिले, पायाकडे पाहिले, पाठ केलेले सगळे मनाशी म्हटले. तेवढ्यात गदा बसली.

शुद्ध आली तेव्हा ती दाराशी होती. शेजारी राजे बसले होते. त्यांची हनुवटी चित्र झाली होती, म्हणून शब्द जरा सपाट येत होते.

"तुलाही?" राजांनी विचारले.

"हो, महाराज."

"कुठून आला ते कळले?"

"नाही."

"मलाही नाही," राजे म्हणाले, आणि दोघे समोर पाहत बसले.

तरंगिणीला उठावेसे वाटेना. दुखत होते म्हणून नव्हे. उठून करायचे काय, हेच सुचत नव्हते. तोंड पाडलेले इतके सोबती पटाबाहेर काढावे लागले, त्यांना मी उलट विचारले होते, पुन्हा का नाही खेळत? ते आठवून तिची मान खाली गेली. मग तिने पाहिले की रंग सुकत राजांच्या गळ्यापाशी आला आहे, खाली छातीकडे निघाला आहे. भिंतीला धरून ती उठली आणि मागल्या बाजूने करालकाकडे गेली.

"मी तुझ्याशी आजवर एकदाही खेळले नव्हते," ती म्हणाली. "आता तुझी मर्जी."

करालकाने डावा हात वर केला, आणि भाकरीचा पापुद्रा सोडवावा तसे काखेखालचे खवले स्वतःच्या हाताने सोडवून बाजूला ठेवले. आत कोवळी कातडी होती.

"वार बसल्यावर माझे काय होते?"

"पडशील. झोप लागेल. पुढचा आला की जाग येईल."

"आणि कुणी आलाच नाही तर?"

"येईल. हे मी आचार्यांकडे शिकून नाही बोलत, दुकानाच्या पायरीवरून बोलते आहे."

करालक दाराशी जाऊन उभा राहिला. पण राजे अजून बसलेलेच. त्यांना काही सांगायची तर मनाई होती, आणि रंग गळ्याखाली उतरला होता. साळुंकी उडत गेली आणि त्यांच्या उजव्या कानाशी बसली.

"सरकार, बसायचेच असेल तर गादी मागवू का? प्रधानजी म्हणत होते, सिंहासनाचे माप घेऊन ठेवतो, उगाच धूळ खाते."

राजे उठले. साळुंकीला हाकलायला म्हणून उठले, पण उठले ते पुढेच गेले. करालकाने पाय घासला, धूळ उडाली, गदा बसली, राजे पडले. पुन्हा गेले. पुन्हा धूळ, पुन्हा गदा. पण या खेपेला पडल्या जागीच राजांच्या डोळ्यांत काहीतरी पेटले. काठावरून पाहणाऱ्या राणीने ते ओळखले आणि सकाळपासून आवळून धरलेला पदर सोडला.

तिसऱ्यांदा धूळ उडाली आणि राजे बाजूला झाले. गदा जमिनीत रुतली. दुसरा घाव, राजे खाली वाकले. तिसरा मिशीला चाटून गेला. करालकाला हसू आले. त्याने दोन्ही हात वर केले आणि पोटभर हसला, आणि ज्या मुठीतले निम्मे तांदूळ मिशीला गेले होते तिच्यात जेवढे बळ उरले होते, ते सगळे लावून राजांनी डाव्या काखेखाली तलवार घातली.

करालक वखारीतली पोत्यांची थप्पी ढासळावी तसा बसत बसत पडला. पडताना त्याच्या चेहऱ्यावर अचंबा होता. शेवटचे दार उघडले. पटाचे सगळे रंग एकदम ओले झाले, आणि राजे पृथुसेन निथळत बाहेर आले. राणीने त्यांच्या कानावरचा रंग पदराने पुसला. चौघडा वाजला. प्रधानांनी शिक्षेचे काय, असे विचारले. राजांनी तांदळाचे काय, असे विचारले, कारण या वेळी त्यांना नजरेची वाटी भरायची होती. राणी म्हणाली, आधी जेवण. राजे भूक लागल्याचे कबूल करून मुकाट्याने निघाले.

आचार्यांनी तरंगिणीला उत्तीर्ण केले आणि शाळेत नवा नेम घातला: राक्षस परीक्षेला ठेवण्याआधी रचणाऱ्याने त्याचा एक ठाऊक नसलेला घाव खाऊन यावे. विद्यार्थ्यांनी पुष्कळ कुरकुर केली, पण त्या वर्षापासून त्या शाळेचे पट दूरदूरच्या राज्यांत मागवले जाऊ लागले. तरंगिणीने पट वसुमान शेटांच्या दुकानापुढे पसरला. पहिल्या दिवशी रांग लागली, त्यात पडत पडत जिंकून आलेले लोक पुन्हा शेवटी जाऊन उभे राहत होते. आत पावले वाजली. करालकाला जाग आली. त्याने अंग झाडले, गदा उचलली, आणि कोण आले ते पाहायला दाराशी धावत गेला. त्याची पायरी जशी गजबजली, तशी ऐकणाऱ्या सर्वांचीही गजबजो.