सब्ज्याच्या पाहुण्यांची कहाणी

ऐका सब्ज्याबाई, तुमची कहाणी. आटपाट नगराच्या वेशीवर एक मळा होता. मळ्यात वेणू नावाची माळीण, तिचा नवरा, तिची सासू. लाल भोपळ्याचे वेल कुंपणभर पसरत, पिवळी फुलं लागत, पण भोपळा धरेना. सुपारीएवढा होई, गळून जाई. तीन वर्षं असंच झालं. मग माळी म्हणाला, "दसऱ्यापर्यंत एक भोपळा धरला तर ठीक. नाहीतर वेल उपटतो, गाव सोडतो."

वेणू दारात रडत बसली. तिथं एक म्हातारी आली. "रडू नकोस. सब्ज्याचा वसा घे. हे तीन चिमटी बी. तीन रविवारी पेर. तुरे आले की दारी पाहुणे येतील, त्यांना उपाशी धाडू नकोस."

"आजीबाई, कोण पाहुणे? किती ताटं मांडू?" वेणूनं पुसलं. बघते तो म्हातारी नाही.

पहिल्या रविवारी वेणूनं भोपळ्याचं लावतात तसं बी दोन पेरं खोल खुपसलं. उगवलं नाही. दुसऱ्या रविवारी मातीवरच टाकलं, घागरभर पाणी ओतलं. बी फुगलं, बुळबुळीत झालं, वाहून गेलं. सासू म्हणाली, "अगं, बी पेरतेस का न्हाऊ घालतेस?" तिसऱ्या रविवारी माती चाळली, बी भुरभुरलं, वर चिमूटभर माती, हातानं पाणी शिंपडलं. आठव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले.

भाद्रपदात तुरे आले. उमललेलं फूल आधी देवाचं, ही त्या घरची रीत. वेणू रोज पहाटे सगळे तुरे खुडी, देवाला वाही. मग जास्तीचा भात टाकी, वाटेकडे बघी. वाटसरू जेवला, गोसावी जेवला, नणंदेचा नवरा तर दोनदा जेवला. भोपळा धरेना. वसा चुकला कुठं? पेरण्यात, रांधण्यात, की वाढण्यात? वेणूला काही उमजेना.

मग वेणू दूर बसली. तीन दिवस फुलाला हात नाही. सासूला वाकवेना. तुरे झाडावरच राहिले. पहिल्या दिवशी एक मधमाशी आली. दुसऱ्या दिवशी दहा आल्या. तिसऱ्या दिवशी झाडच गुणगुणू लागलं. माश्या सब्ज्यावर जेवल्या, उठल्या, भोपळ्याच्या फुलांत शिरल्या, पिवळ्या होऊन बाहेर आल्या. कोपऱ्यात बसलेली वेणू ओरडली, "आत्याबाई, पाहुणे आले!"

"कुठं गं? वाटेवर तर कुत्रंही नाही."

"वाटेवर नाही, फुलात!"

मग देवाला एकच तुरा, बाकी झाडावर. सुपारीएवढा भोपळा लिंबाएवढा झाला, नारळाएवढा झाला, दसऱ्याला घागरीएवढा झाला. माळ्यानं विळा खाली ठेवला.

म्हातारी पुन्हा दारी आली. वेणू पाया पडली. "आजीबाई, आधी का नाही आलात?"

"रोज सकाळी येत होते गं. ताट उचललेलं दिसे, परत जाई."

वेणूनं वर पाहिलं. म्हातारीच्या पदराला भोपळ्याच्या फुलातली पिवळी धूळ लागली होती.

जसे सब्ज्याबाईचे पाहुणे वेणूच्या दारी जेवले, तसे तुमच्याआमच्या दारी जेवोत. साठ बोलांची ही कहाणी पाच बोलांत सांगितली, फळाला आली, पुरी झाली.