हौसाची तीन बकुळफुलं

डोंगराच्या पायथ्याशी करंजवाडी नावाचं एवढुसं गाव होतं आणि त्या गावात हौसा नावाची एवढुशी पोर. घरात ती आणि तिची आई, दोघीच. आई रानातून लाकडाच्या मोळ्या आणायची, हौसा झऱ्यावरून पाणी आणायची. दिवसाला बारा खेपा! तिच्या पायांना चप्पल कधी ठाऊक नव्हती, पण काय पाय होते म्हणून सांगू! चढावर शेळ्या दमायच्या, हौसा दमायची नाही.

तिला खो-खो खेळायचं होतं. दुसरं काही नको होतं हो तिला.

बकुळीच्या राईजवळ लाल मातीचं मैदान होतं, दोन टोकांना दोन खांब रोवलेलं. पण तिथं मुली जमायच्याच नाहीत. कुणाची भांडी राहिलेली, कुणाच्या कडेवर धाकटं भावंड. शेवटी गावचे कारभारी वैतागले. "नऊ जणी लागतात ना गं तुमच्या खेळाला? जत्रेला पलीकडच्या गावच्या मुली येतायत. तिसरा ढोल वाजेपर्यंत नऊ जणी उभ्या राहिल्या, तर मैदान तुमचं. नाहीतर तिथं कायमचा बैलबाजार भरेल."

हौसाने बोटांवर मोजलं. तिला धरून सातच होत होत्या.

आईला सांगितलं, तर आई म्हणाली, "पोरीच्या जातीला काय करायचंय धावून? पाणी आण आधी." हौसाने घागर उचलली.

जत्रेच्या सकाळी भरली घागर घेऊन ती राईतून येत होती. वाटेत बकुळीचं एक चिमुकलं रोपटं दिसलं. पार सुकलेलं, मान टाकलेलं. "अगं बाई, तुला कुणी पाणीच नाही घातलं?" म्हणत हौसाने सगळी घागर त्याच्या मुळाशी रिकामी केली. एक खेप वाढली, तर वाढली.

आणि काय आश्चर्य! रोपट्याची इवली इवली पानं हिरवीगार झाली, त्यांवर सोनेरी, गुलाबी, निळे ठिपके चमचमू लागले आणि पानांमधून एक परी वर आली. चिमणीएवढी! मधाच्या रंगाचा झगा, पंख दवासारखे लुकलुकणारे.

"हौसाबाळ," परी हळूच म्हणाली, "ही घे तीन फुलं. एका फुलाने एक इच्छा पुरी होईल. पण ती स्वतःसाठी मागायची नाही, दुसरीला द्यायची. कशी? खो देतात तशी. पाठमोरी बसलेली शोधायची, तिच्या पाठीवर फुलासकट हात ठेवायचा आणि मग खो म्हणायचं. आधी हात, मग शब्द. ती उठली की तिला कुणी अडवू शकणार नाही."

"आणि मी?"

"खो देणारी कुठे जाते गं?"

"उठलेलीच्या जागी बसते," हौसा म्हणाली.

"मग तसंच. तिचं काम तुझ्याकडे येईल. तुला कुणी खो देईपर्यंत तुझी सुटका नाही. चालेल?"

हौसाने एकदा मैदानाकडे पाहिलं. मग तिने ओंजळ पुढे केली.

ती धावतच सुगंधावहिनीकडे गेली. वहिनी गावातली नवी सून. माहेरी वाऱ्यासारखी पळायची म्हणे. आता चुलीपुढे पाठमोरी बसून पाहुण्यांच्या भाकऱ्या थापत होती. हौसाला कुठला दम धरवतोय! दारातूनच ओरडली, "खो!"

फूल हातातल्या हातात तपकिरी पडलं. वहिनी दचकून म्हणाली, "काय गं ओरडतेस! भाकरी करपली ना!"

हात लागायच्या आधी खो! इतकी मोठी चूक! हौसाला रडूच आलं. वाळलेलं फूल टाकवेना, म्हणून तिने ते वेणीत खोवलं.

पहिला ढोल वाजला.

शेजारच्या ओट्यावर हौसाच्याच वयाची मैना बसली होती, मैदानाकडे पाठ करून. मांडीवर तिचं धाकटं भावंड. मैदान दिसलं की डोळे भरतात, म्हणून ती तिकडे बघायचीच नाही. हौसाने अलगद तिच्या पाठीवर हात ठेवला. "खो!" मैनाच्या पावलांभोवती रुपेरी चांदण्यांचे पैंजण लखलखले आणि ती उठून धावत सुटली. बाळ हौसाच्या कडेवर आलं.

दुसरा ढोल वाजला.

बाळाला घेऊन हौसा पुन्हा वहिनीच्या मागे आली. या वेळी श्वास रोखला, हात टेकवला आणि म्हणाली, "खो!" वहिनीने पिठाचे हात झटकले, पदर खोचला आणि गेलीसुद्धा! सासूबाई ओरडायला आल्या, पण चुलीपुढे कुणीतरी बसलंय आणि भाकरी छान फुगतेय म्हटल्यावर बोलणार काय? आल्या पावली परत गेल्या.

आता मैदानावर आठ जणी झाल्या. नववी मात्र चुलीपुढे बसली होती. तिच्या एका मांडीवर बाळ होतं, पुढ्यात पिठाची परात होती. फुलं संपली होती. हौसा भाकरी थापत होती आणि तिची आसवं पिठात पडत होती. आपल्यापायीच मैदान जाणार, एवढंच तिला कळत होतं.

तेवढ्यात आई दारात आली, डोक्यावर मोळी. वाटेत तिने मैदान पाहिलं होतं. सात पोरी ओळीने बसलेल्या, आठवी खांबापाशी धावायला उभी, एक जागा रिकामी, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच नाव. आईने मोळी उतरवली. लेकीची हुंदक्यांनी हलणारी पाठ बघत ती जरा वेळ उभी राहिली. मग तिने आपला खरबरीत हात त्या पाठीवर, वेणीवर ठेवला.

"खो," आई म्हणाली.

हौसाने वळून पाहिलं. "आई! तुला फूल कुणी दिलं?"

"मला कोण देणार गं? माझ्या पाठीवर कधी कुणी हातच ठेवला नाही. ऊठ. बाळ इकडे दे."

वेणीतलं वाळकं फूल टवटवीत झालं, पांढरंशुभ्र! घर वासाने भरलं. हौसा उठली आणि अशी धावली, अशी धावली, की तिसऱ्या ढोलाची टिपरी पडायला आणि ती ओळीत बसायला एकच गाठ पडली.

सामना करंजवाडीच्या मुली एका गुणाने हरल्या, बरं का. पण कारभाऱ्यांनी नऊ डोकी दोनदा मोजली आणि बैलबाजार नदीपलीकडे हलवला.

संध्याकाळी हौसा आईचा हात धरून राईत गेली. परी बकुळीच्या शेंड्यावर बसली होती. आईकडे बघून ती हसली आणि म्हणाली, "माझ्या फुलांपेक्षा तुझा हात भारी गं, बाई." मग सोनेरी, केशरी उजेड सगळ्या राईत पसरला आणि त्या उजेडातच परी विरून गेली.

आई मैदानाकडे पाठ करून उभी होती. अजून त्या उजेडाकडेच बघत होती. हौसाने आधी तिच्या पाठीवर हात ठेवला.

मग म्हणाली, "खो."