कडुनिंबाचा घेर

शहरात झाडांपेक्षा झाडांचे अभ्यासक जास्त झाले होते, तेव्हाची गोष्ट. रस्त्याकडेच्या एका कडुनिंबाच्या बुंध्याला सिमेंट आवळलं होतं. एम.एस्सी.ची मुलं दरवर्षी येत, छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून घेर मोजत, नंबराचा पत्रा ठोकत.

"हा पाचवा खिळा," कडुनिंब खारीपाशी वैतागला. "टेप जरा खाली नेली, तर हात मोडतील का यांचे?"

"घेर छातीशीच मोजतात. पुस्तकात तसंच आहे," खार म्हणाली.

यंदाची मृदुला त्याच सिमेंटवर बसून लिहीत होती, 'झाड वाळतंय. कारण अज्ञात.'

प्रबंधाला पहिला वर्ग मिळाला. कृतज्ञ मृदुलेने वर्गणी काढून कडुनिंबाला छानसा पार बांधून दिला. सिमेंटचा.