विरजणाची वाटी

म्हशी जास्त आणि माणसं कमी, अशा एका डोंगराकाठच्या गावात एक म्हातारी गवळण राहत होती. तिच्या विरजणाचं दही इतकं घट्ट लागायचं, की वाटी पालथी केली तरी हलायचं नाही. कुणाचं दही बिघडलं, की त्या घरची बाई रिकामी वाटी घेऊन तिच्या दारात जायची. असं होता होता साऱ्या गावाच्या शिंक्यांवर तिचंच विरजण जाऊन बसलं होतं.

एकदा देवळातली चांदीची समई नाहीशी झाली. आदल्या संध्याकाळी गवळण देवापुढे दूध ठेवायला गेली होती, एवढंच निमित्त. पाटलाने धड चौकशीही केली नाही. चावडीवर सगळ्यांना जमवून त्याने निवाडा दिला, "चोर हीच. आजपासून हिच्या घरचं कुणी काही घ्यायचं नाही."

गवळणीची शेजारीण तिथेच उभी होती. तिची बाळंतपणं याच आजीने केली होती. ही देवाची वस्तू उचलणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तसं ते साऱ्यांनाच ठाऊक होतं. पण सगळ्यांनी माना खाली घातल्या, तिनेही घातली. घरी जाऊन मात्र जो तो "वाईट झालं हो" म्हणून हळहळला. घरात बसून हळहळायला काय लागतं!

गवळणीकडे कुणी फिरकेना. तिचं दूध नासून जाऊ लागलं. एका सकाळी शेजारणीने कुंपणावरून पाहिलं, तर म्हातारी गाठोडं बांधत होती.

"आजी, कुठं निघालीस?"

"जिथं मला कुणी ओळखत नाही तिथं. इथं सगळे ओळखतात गं, तेच सोसवत नाही."

शेजारीण घरात गेली आणि रिकामी वाटी घेऊन बाहेर पडली. एरवी ती कुंपणातल्या फटीतून जायची. आज मात्र मुद्दाम चावडीवरून वळसा घालून, वाटी सगळ्यांना दिसेल अशी धरून गेली.

"आजी, विरजण देतेस?"

म्हातारी घाबरली. "अगं, पाटील तुलाही वाळीत टाकील! आणि तुझ्या घरी आहे की विरजण."

"आहे, तेही तुझंच आहे. त्या दिवशी चावडीवर माझं तोंड उघडलं नाही, आजी. आज वाटी तरी पुढं करू दे."

म्हातारीने वाटी भरली. दोघी मनसोक्त रडल्या. थोड्या वेळाने दारात दुसरी बाई वाटी घेऊन आली, मग तिसरी. दुपारपर्यंत अंगणात बायाच बाया झाल्या.

तिकडे पाटील जेवायला बसला. "दही कुठं आहे?"

पाटलीणबाई म्हणाल्या, "आपलं विरजणही तिच्याच घरचं. तुमचा निवाडा मी कसा मोडू?"

पाटलाने कोरड्या भाताचं ताट बाजूला सारलं. मग उठला, फळीवरची वाटी घेतली आणि गवळणीच्या अंगणात जाऊन सगळ्यांदेखत म्हणाला, "आजी, कुणी काही पाहिलं नव्हतं. मी उगाच तुला चोर ठरवलं. माझं चुकलं."

गवळणीने त्याचीही वाटी भरली. समई पुढे सापडली की नाही, ते मला ठाऊक नाही. गाठोडं मात्र त्याच दिवशी सुटलं.

तात्पर्य: अन्यायाचा निवाडा देतो एकटाच, पण तो टिकतो आपण सगळ्यांनी निमूटपणे पाळला म्हणून.